स्वयंपाकघरामागचा सूर्यास्त

सहलींच्या कचेरीतलं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, म्हणून घड्याळजी आला होता. स्टुलावर चढला, घड्याळ उतरवलं, आणि त्याची नजर शेजारच्या पोस्टरवर खिळली... निळं पाणी, केशरी सूर्य, दोन रिकाम्या खुर्च्या.

"हे रिसॉर्टचं 'सगळं समाविष्ट' म्हणजे काय हो?"

"एकदा पैसे भरले की खाणं, पोहणं, गाणी, नावेतली चक्कर... सगळं आयतं," टेबलामागची ती म्हणाली. "मनगटाला पट्टी बांधतात. ती दिसली की ताट पुढ्यात."

"मला मानवेल?"

गिऱ्हाइकाला विचारायचे प्रश्न तिला पाठ होते. "नुसतं बसून राहायला आवडतं, की हात शिवशिवतात?"

"शिवशिवतात तर! नऊ वर्षांत दुकान बंद ठेवलं नाही."

मग नाही मानवणार, हे तिथेच सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण त्याने डोळ्यावरचं भिंग वर सरकवून हळूच विचारलं, "तुम्ही... गेला होतात?" आणि त्या नजरेपुढे तिला नाही म्हणवेना.

"हो तर! संध्याकाळी बाल्कनीत बसायचं, हलायचं नाही. सूर्य असा पाण्यात उतरतो... अलगद, पिकलं फळ ओंजळीतून सोडावं तसा."

"तुम्ही सांगताय म्हणजे जायलाच हवं," तो म्हणाला. आणि खरंच गेला.

तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, कुणाला तरी नकाशा दाखवताना तिचं बोट थबकलं. त्या किनाऱ्याला समुद्र पूर्वेला होता. पोस्टरवरचा सूर्य उगवता होता! तिची कानशिलं तापली. फोन करावा... पण कुठल्या तोंडाने? डोक्यावर त्यानेच दुरुस्त केलेलं घड्याळ चालू होतं, आणि तिला त्यात एकच ऐकू येई — खोटी गं, खोटी गं, खोटी गं.

आठव्या दिवशी दार उघडलं. नाक उन्हाने सोललेलं, मनगटावर निळी पट्टी तशीच.

"कात्री आहे? म्हटलं, ही इथेच कापून घ्यावी."

"मी खोटं बोलले," ती खालमानेने, एका दमात म्हणाली. "मी तिथे गेलेच नाही. समुद्रच पाहिला नाही कधी. आणि तुम्हाला मानवणार नाही, हेही कळलं होतं मला. तक्रारवही देते... लिहा."

तो खुर्ची ओढून बसला.

"पहिल्या संध्याकाळी वाटलं, ढग असतील. दुसऱ्या संध्याकाळी वाटलं, आपलंच घड्याळ चुकतंय. घड्याळजीला असं वाटावं! शेवटी वेटर म्हणाला, साहेब, सूर्य मावळतो स्वयंपाकघरामागे."

सूर्याकडे पाठ करून, शहाण्यासारखा वाट बघत बसलेला तो तिला दिसला. भुई दुभंगली तर बरं, असं झालं तिला.

"मग खुर्ची तिकडेच नेली. आचाऱ्यांची पाच घड्याळं दुरुस्त केली. आयत्या ताटावर घास उतरत नव्हता; त्यांच्याबरोबर उभ्याने खाल्लं, तर दोनदा वाढून घेतलं."

"थट्टा करताय माझी."

"नाही हो. रागावलो होतो, चांगला दोन दिवस. मग तिथे बसल्या बसल्या कळलं... मला रिसॉर्टला जायचंच नव्हतं. तुम्ही सांगितलात ना, ओंजळीतून सुटणारा, तो सूर्य बघायचा होता. शेजारच्या खुर्चीत तुम्ही."

तिने कात्री घेतली. पट्टीखाली बोट सरकवलं, तर त्याची नाडी भिंतीवरच्या घड्याळाच्या कितीतरी पुढे धावत होती. खटकन पट्टी तुटली. बोट मात्र तिथेच राहिलं...

त्याने मोकळ्या हाताने नकाशाची दुसरी कड दाखवली, पश्चिमेची. "इथे तरी पाण्यात मावळत असेल. डबा आपला, खुर्च्या आपल्या. कसं आहे हो तिथे?"

'फारच सुंदर!' सवयीने जिभेवर आलं. तिने ते गिळलं, आणि तो आल्यापासून पहिल्यांदा मान वर केली.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "पण... रविवारी कचेरी बंद असते."