बत्तीस नंबरची झडप

रघुनाथरावांचं पत्र आलं ते सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात. मी उत्तर दिलं नाही. काय लिहावं ते सुचेना, आणि माझ्या कानांवर माझा तसाही फार भरवसा नाही.

त्याच्या काही वर्षं आधी मी सौंसरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होतो. कोणी फोन उचलला की बोर्डावर त्याच्या नंबरची झडप पडायची. मी कॉर्ड लावून जोडून द्यायचो. कॉर्ड काढण्याआधी विचारायचं, "बोलणं झालं का?" 'चालू आहे' असं उत्तर आलं तर हात लावायचा नाही, हा आमचा रिवाज.

रघुनाथराव खुफिया खात्यातले. देशाच्या सुरक्षेचा हुकूम घेऊन आले आणि माझ्या शेजारी हेडफोन लावून बसू लागले. बत्तीस नंबर हिरामणचा, शेतमजुरांच्या संघटनेच्या खोलीतला.

"काय पंडित, आज कोणतं पोथं?" माझ्या मांडीवरचं पुस्तक पाहून ते म्हणायचे. "आम्ही तर बाप्पा माणसंच वाचतो."

एका दुपारी हिरामणनं रामाकोना गावी असलेल्या बायकोशी बोलताना सांगितलं, "सुमन, आज मोहगावले झोपतो. कोणाले सांगजो नोको."

रघुनाथरावांनी हेडफोन उतरवला आणि जीप मागवली. हिरामण मोहगावहून परत आला तो बैलगाडीत, चादरीखाली.

बत्तीसची तार मी माझ्या हातानं तोडली. दुसऱ्या दुपारी त्याचीच झडप पडली.

कॉर्ड लावली. शेजारी रघुनाथरावांनीही हेडफोन चढवला. भांड्यांचा आवाज, फोडणीचा चर्र आवाज. मग एक मुलगी म्हणाली, "आई, बाबा रविवारी नाही आले तर बरं होईल ना?"

"हळू बोल. ते सारं आयकते."

रघुनाथरावांचा चेहरा उतरला. बायको आणि मुलगी त्यांचीच होती. छिंदवाड्याच्या त्यांच्या घरी फोनच नव्हता.

त्यानंतर रोज दुपारी झडप पडे. ते रोज ऐकत. शेवटी एका पुरुषाचा शांत आवाज येई, "साहेब, आयकून राहिले ना जी?"

त्यांनी पांढुर्ण्याला बदली मागून घेतली. तिथून आलेल्या त्या पत्रात लिहिलं होतं, 'इथेही ऐकू येतं. बत्तीस काटून टाका.'

यंदा मी जुन्या एक्स्चेंजमध्ये गेलो. बोर्ड मागच्या खोलीत पडला होता, सगळ्या तारा छाटलेल्या. बत्तीसची झडप उघडी होती.

मी कॉर्ड लावली. विचारलं, "बोलणं झालं का?"

"चालू हाय, बाबूजी," हिरामण म्हणाला.

त्याच्यामागून कोणीतरी रडत होतं. "काटा, पंडित. काटून टाका."

रघुनाथराव वारल्याचं मी महिन्याभरापूर्वीच पेपरात वाचलं होतं.

मला हिरामणची सुमन आठवली. मी कॉर्ड तशीच राहू दिली.

काल पांढुर्ण्याला त्यांच्या पत्त्यावर उत्तर टाकलं. एकच ओळ. बोलणं चालू आहे.