अप्पांनी सोडलेल्या जागा

माझ्या चुलतबहिणीला, वसुमतीला, गोष्टी रचता येत नाहीत. म्हणून सांगतो, हे घडलंय.

बंगळुरूच्या उत्तरेचं येलहंका. गेल्या डिसेंबरातली दुपार.

तिचे वडील, भीमाचार्य अप्पा, जाऊन वर्ष होत आलं होतं. ती रडली नव्हती. एकेक काम उरकत होती. शेवटचं एक राहिलं होतं. तिच्या आईची गाणी अप्पांनी टाइप करून ठेवली होती. वर्षश्राद्धाला त्यांचं पुस्तक वाटायचं.

बंगळुरूतल्याच शिवाजीनगरच्या प्रेसमधून हयवदनचा फोन आला.

"अक्का, अप्पांची फाइल आमच्या वर्डमध्ये पार विस्कटते. मध्ये मध्ये नुसत्या स्पेस! संध्याकाळपर्यंत नीट करून द्या. नाहीतर श्राद्धाला कोरे कागद वाटा."

"सरी, देते करून."

अप्पांची जुनी खोड. टॅब ठाऊक नाही, अंगठ्यानं स्पेसबार बडवायचा. ती चिडवायची, "अप्पा, तबला शिकताय का?"

तिनं फाइल वर्डमध्ये सेव्ह केली. जास्तीच्या स्पेस शोधून सगळ्या काढल्या. बंद केली.

तपासायला उघडली...

जागा परत आल्या होत्या.

तिनं नुसता मजकूर उचलून नव्या फाइलमध्ये चिकटवला. पुन्हा काढल्या.

बाहेर हवाईतळावरच्या विमानांचा आवाज थांबला.

पंखा फिरत होता. त्याची घरघर मात्र नव्हती.

मग अप्पांच्या खोलीतून...

टक. टक. टक. टक.

अप्पांचा कॉम्प्युटर तिनं केव्हाच देऊन टाकला होता.

समोर स्क्रीनवर ओळी फाकत होत्या.

का कोण जाणे, तिनं एक ओळ मोठ्यानं वाचली.

गजऱ्याला           दोरा केळीचा
      लेक माझी                माळते

आईला दमा होता. गाताना ती इथंच थांबायची.

श्वास घ्यायला.

टकटक थांबली.

वसुमतीनं फाइल पाठवली. "आहे तसंच छापा."

पुस्तक वेळेवर आलं. श्राद्धाला जमलेल्यांसमोर ती पुस्तकातलं स्वतःचं मनोगत वाचायला उभी राहिली. ते तिनं वेगळ्या फाइलमध्ये, ऑफिसात लिहिलं होतं. एकही स्पेस जास्तीची नव्हती.

छापलं होतं...

अप्पा गेले तेव्हा                     मी मीटिंगमध्ये होते.

त्या जागेपाशी तिचा श्वास अडकला. डोळे कोरडेच.

"अण्णा, हे काय केलंत?" तिनं नंतर हयवदनला विचारलं.

"अक्का, तुमच्याच फाइलमध्ये होतं!"

हल्ली तिच्या मेसेजांतही जागा पडतात. काल मला आला.

मी                        बरी आहे

मी तो मनातच वाचला.

मोठ्यानं वाचून त्या जागेपाशी थांबायचं धाडस झालं नाही.