वाचनालयाच्या दाराशी

कुंभकोणमच्या एका छोट्या वाचनालयाच्या दारावर एक उंच तरुण नोटीस चिकटवत होता. वाऱ्याने कागद उडाला आणि त्याच्याच तोंडावर बसला. पवित्रा खुदकन हसली… आणि नोटीस वाचून तिचं हसू मावळलं. वाचनालय बंद करून तिथे दुकानं काढायची होती!

पवित्रा वाचनासाठी झटणाऱ्या एका संस्थेत होती. संस्थेचं फेसबुक, इन्स्टाग्राम तीच सांभाळायची. रागाच्या भरात तिने त्याचा व्हिडिओ काढला, वर लिहिलं, 'हाच आमची पुस्तकं हिसकावतोय!' आणि संस्थेच्या पानावर टाकला.

दुसऱ्या दिवशी तो समोर हजर. तमिळमध्ये बोलता बोलता अडखळला, स्वतःशीच पुटपुटला, "आतां हिला कसं सांगूं…"

"मराठीतच सांगा की!" पवित्रा चमकून म्हणाली. तिच्याही घरी हीच तंजावरची जुनी मराठी.

तो गडबडला. "मी शिवप्रसाद. पालिकेच्या ऑफिसानं सांगितलं, मी चिकटवलं. आतां अनोळखी लोक मज शिव्या घालतायत. मी तुमचं काय केलं?"

व्हिडिओ तर गावभर फिरत होता. "हरकतींवरची सुनावणी तोंडावर आलीये, काढून टाकू नकोस गं," तिची सहकारी भारती कळवळली. पवित्राने तो त्याच्यासमोरच काढून टाकला.

"मग तुमची मोहीम?"

"बुडाली," ती म्हणाली. तेवढ्यात तिची नजर आत गेली. जवळच्या नाचियार्कोविलहून बसने पेपर वाचायला येणारे समईचे कारागीर, नर्सिंगच्या परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली… "की यांनाच बोलू द्यावं?"

मग दाराशीच ती एकेका वाचकाला फोनच्या कॅमेऱ्यासमोर बोलतं करू लागली. ऑफिस सुटलं की शिवप्रसादही यायचा. पाऊस आला की तिच्या फोनवर छत्री धरायचा, स्वतः भिजायचा.

"भिजताय तुम्ही."

"फोन भिजला तर वाचनालय जाईल."

"आणि तुम्हांस ताप आला तर?"

"तर… तुम्ही पाहायला याल."

पवित्रा फोनऐवजी त्याच्याकडेच बघत राहिली, आणि तो व्हिडिओ पुन्हा घ्यावा लागला!

सुनावणीला व्हिडिओतले सगळे जातीने आले. खुर्च्या पुरल्या नाहीत. एकेक जण उठून बोलला, आणि शेवटी प्रस्ताव मागे घेतला गेला. भारती नाचायचीच बाकी होती. पवित्रा मात्र गर्दीत एकच उंच डोकं शोधत होती.

तो बाहेर जिन्याशी उभा होता.

"झालं ना मनासारखं? आतां… मज यायला कारण उरलं नाही."

"कारण लागतं?"

"मज लागतं. भित्रा आहे मी."

"मग घ्या कारण — तुम्ही मज आवडता."

त्याचे कान लाल झाले. जिन्याकडे पाहतच तो म्हणाला,

"रविवारीं गोविंदपुरमला विठ्ठलाच्या देवळांत भजन आहे. माझे आई-अप्पाही असतील. याल?"

"त्यांच्यासमोर काय म्हणून येऊं?"

त्याने मान वर केली, पहिल्यांदाच सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"माझी म्हणून…"

पवित्राने फक्त एवढंच विचारलं, "किती वाजता निघायचं?"