तळाचं ठिगळ

"माह्या भावानं मानूस मारला नाई, ताई," भावना खुर्चीत न बसताच म्हणाली.

सुरभीच्या नालवाडीतल्या डिटेक्टिव्ह ऑफिसात माणसं सगळे दरवाजे ठोठावून झाल्यावरच येत. भावनाचा भाऊ रत्नदीप फायबरच्या वस्तू दुरुस्त करी. ऐन थंडीत त्यानं पुलगावच्या कैलासची मासेमारीची नाव सांधली. दुसऱ्याच दिवशी नदीत ठिगळ सुटलं आणि कैलासचा धाकटा भाऊ आदेश बुडाला. कैलासच्या तक्रारीवरून रत्नदीप कोठडीत होता.

"माल देणाऱ्या दुकानदाराची भेसळ," वासुदेवराव म्हणाले. सुरभीचे हे निवृत्त मामा गुन्हेगार चहाआधीच ठरवून मोकळे होत.

बोरगाव मेघेतला दुकानदार अश्विन आधीच चिडलेला होता. "मीच त्याले इपॉक्सी घे म्हटलं. पॉलिएस्टर सस्तं हाय, पन जुन्या फायबरले असं धरत नाई. रेझिनचे दोन भाग, ते घट्ट करनाऱ्या हार्डनरचा एक. डबे मापाचेच देतो, संगंच सरतात."

पुलगावात नाव काठावर पालथी पडली होती. पुढच्या टोकाचं ठिगळ दगडासारखं टणक होतं. तळाचं मात्र अर्धवट उपटून लोंबत होतं. वासुदेवरावांचा अंगठा त्याला चिकटला. कैलासच्या शेडमध्ये रत्नदीपचे रबरी हातमोजे होते, रेझिनचा डबा बराच भरलेला आणि हार्डनरचा कोरडा.

"पुढचं ठिगळ लावलं, तळाचा रेझिन-हार्डनरचा मसाला कालवला अन् वरून लावाचं फायबरचं कापड आनाले गेलता तो," कैलास म्हणाला. "मी डब्यांले हात बी नाई लावला. उन्हायात मी कूलरसाठी फायबरच्या टाक्या बनवतो, मले काम समजते. कच्चा कारागीर हाय तो."

बोलताना तो बोटं खाजवत होता. बेचक्यांत लाल फोड आले होते. "जाळ्यानं झालं," तो म्हणाला. वासुदेवराव हळहळले.

संध्याकाळी सुरभी मामांना आणि हवालदाराला घेऊन कैलासच्या अंगणात आली. त्याची आई दारात बसली होती.

"दोन्ही ठिगळं एकाच डब्यांतली," सुरभी म्हणाली. "पुढचं टणक झालं, म्हणजे भेसळ नाही आणि रत्नदीपला माप ठाऊक आहे. पण हार्डनर संपला, रेझिन उरलं. तळाच्या मसाल्यात कोणीतरी हार्डनर जास्त ओतला."

"मुद्दाम?" वासुदेवरावांनी विचारलं.

"नाही. सवयीनं. टाकीवाले पॉलिएस्टर वापरतात. थंडीत त्यात हार्डनर थोडा वाढवला की ते लवकर वाळतं. इपॉक्सीत जास्तीचा हार्डनर तसाच राहतो आणि सांधा कच्चा पडतो. उघड्या हाताला लागला तर फोड येतात. रत्नदीप मोजे घालतो. कैलास, तो कापड आणायला गेला तेव्हा नावेजवळ तूच होतास."

कैलासनं फोड आलेली बोटं मुठीत लपवली. "आदेश मागं लागलता, सकायी नाव पायजे म्हने. लवकर वाळंन वाटलं मले."

"कधी समजलं तुला?"

"आदेश गेल्यावर नाव काठाले आनली, ठिगळाले बोट लावलं तवाच."

"मग तक्रार काऊन केली रे?" हवालदारानं विचारलं.

"आईले काय सांगू?"

वासुदेवरावांना तिथून निघून जावंसं वाटलं. म्हातारी भिंतीला धरून उठली. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि कैलासचा हात धरला.

"चाल ठान्यात. त्या पोराले सोडव," ती म्हणाली. "एक नदीनं नेला. दुसऱ्याले मीच घेऊन जातो."