तार नसलेली घंटा

शप्पथ सांगतो, यातलं एक अक्षर पदरचं न्हाय. नावं तेवढी बदलल्यात. माझा चुलतभाऊ रविराज, त्याच्या तोंडून ऐकलंय. गेल्या मार्चमधली गोष्ट. भर दुपारी तीन वाजता. बेळगावला, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात.

तिथं कोळशाच्या खाणींसाठी यंत्रं बनतात. जमिनीखालच्या चढावरून कोळशाचे डबे दोरानं वर ओढणारी. खालचा माणूस घंटा देतो, वरचा ओढतो. चालू असताना एक टोला पडला की थांबायचं. का, ते विचारायचं न्हाय.

रवीनं त्यावर नऊ वर्षं घालवली. आणि काल-परवा आलेल्या श्रीनाथनं घंटाच बंद करून टाकली! वरच्याला दिव्यानं इशारा देणारा सेन्सर बसवला. तासाला अकरा खेपा व्हायच्या, त्या अठरा होणार. साहेब त्यालाच विभागाचा हेड करणार होते.

रवी भेटेल त्याला सांगत सुटला.

"माझ्या हाताखाली शिकला, आणि माझ्याच डोक्यावर बसणार!"

चाचणीच्या सकाळी त्याला दिसलं... डबा दोराला जोडणाऱ्या पिनेला बारीक चीर होती.

तो गप्प बसला. होऊ दे जरा फजिती, मनात म्हणाला.

कारखान्याच्या मागं चाचणीचा उतार. तळाशी श्रीनाथ उभा. वर बटणापाशी रवी. भरलेला डबा वर निघाला.

टण्...

एकच टोला. रवीनं सवयीनं यंत्र थांबवलं.

"का थांबवलंस रं?" साहेब ओरडले.

"घंटा झाली न्हवं."

"कसली घंटा?"

भिंतीवर जुनी घंटा होती, खरी. पण तिची तार महिन्यापूर्वीच कापलेली. हातोडीही काढलेली.

खालून श्रीनाथ हसला. "रवीअण्णा, जुनी सवय जाईना व्हय?"

त्या हसण्यानं रवी पेटला. पिनेचं ओठावर आलेलं त्यानं गिळलं. बटण दाबलं.

टण्...

या वेळी तो थांबला न्हाय.

पिन तुटली. डबा सुसाट खाली आला. श्रीनाथचा डावा पाय गुडघ्यापासून गेला.

हेड रवी झाला. पण जेवायला बसला की ऐकू येतं... टण्. एकच. "आता काय थांबवू, दादा?" म्हणून रडतो.

परवा त्यानं मला पिनेचं सांगितलं. श्रीनाथला कळू द्यायचं न्हाय, अशी शपथ घातली.

दवाखान्यात ओळख झालेली, म्हणून काल शहापूरला श्रीनाथकडं गेलतो. कुबडी सावरत त्यानं चहा आणून दिला. "रवीअण्णांची काय चूक न्हाय," म्हणाला. "माझंच नशीब."

मी कपातच बघत बसलो.

टण्...

"काय झालं, दादा?"

"काय न्हाय," म्हणालो, आणि चहा संपवला.

आज सकाळी घरी कप उचलला, तर परत... टण्.