चोविसातली पहिली फाइल

"फाइल क्रमांक एक सापडत नाही." संगणकाने नवव्यांदा तेच ऐकवलं, तेव्हा डॉ. दीपांनी कीबोर्डवर हात आपटला.

१९९८ सालची गोष्ट. नगरमधल्या त्यांच्या स्कॅन सेंटरात राहीबाई डोकं धरून बाकावर बसल्या होत्या. मेंदूतली गाठ वाढली असेल तर पुण्याचे सर्जन उद्याच ऑपरेशन करणार होते. पण वाढ मोजणारा प्रोग्रामच अडला होता, आणि बारापर्यंत कळवलं नाही तर ती वेळ दुसऱ्या पेशंटला जाणार होती. साडेअकरा होऊन गेले होते.

कुणीतरी मुद्दाम फाइल पुसली, असा डॉक्टरांना संशय. म्हणून खासगी तपासनीस भारतीबाई साळवे आल्या. सोबत चुलतभाऊ तुषार होता. त्याने संगणकाचा कोर्स केला होता, हे तो येता-जाता सांगे.

तुषारने फाइलींची यादी मागवली. ती भराभर वर पळाली आणि शेवटच्या ओळींवर थांबली: बावीस, तेवीस, चोवीस. खाली बेरीज, एकूण चोवीस फाइली, स्कॅनच्या प्रत्येक चित्राची एक.

"ताई, एकही कमी नाही. मशीनच खुळं झालंय."

"सकाळी याच मशीनने दोन पेशंट मोजले. तेव्हा शहाणं होतं का?" भारतीबाई करवादल्या.

ऑपरेटर अश्विनी रडकुंडीला आली होती. सकाळच्या दोघांच्या फाइली तिनेच फ्लॉपीवरून उतरवून त्यांना नंबर दिले होते. राहीबाईंचं काम मात्र गहिनीनाथमामांनी मागून घेतलं. तिने त्यांना फक्त नंबर टाकत जा, एवढं सांगितलं होतं.

गहिनीनाथ वीस वर्षं तिसगावच्या बाजारात धान्य मोजणारा मापाडी होता. गुडघे गेले तेव्हा इथे चिकटला आणि हट्टाने टायपिंग शिकला. भारतीबाईंनी फ्लॉप्या मागितल्या. "लाभ, दोन, तीन, चार," म्हणत त्याने त्या हातावर ठेवल्या. फाइल पुसलीत का, विचारल्यावर त्याचा चेहरा उतरला.

"राही सख्खी भन हाय माजी. मी कशाला पुसू?"

डॉक्टरांनी पोलिसांना बोलावायचं काढलं आणि भारतीबाईंचा संयम सुटला.

"जरा गप्प बसा सगळे. पुसलेलं काहीच नाही. एक नंबर नाही, तरी फाइली चोवीस भरतात. दोन ते चोवीस म्हणजे तेवीसच. मग उरलेली कोणती? जिचं नाव आकड्यात नाही ती. ती आधी उतरवली म्हणून यादीत सगळ्यात वर आहे, आणि वरच्या ओळी पळून जातात, म्हणून तुम्ही कुणी पाहिलीच नाही. या मामांनी आत्ता माझ्यासमोर फ्लॉप्या मोजल्या. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, शुभ म्हणून लाभ म्हणतो."

तुषारने यादी वरूनच थांबवली. पहिल्या ओळीत इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: लाभ.

डॉक्टर भडकल्या. गहिनीनाथने हात जोडले. "लाभ म्हंजी एकच की, बाई. अन् हिच्या डोस्क्याचं माप. तिथं नुसतं एक लिवायला हात धजंना."

नाव बदललं. प्रोग्राम चालला. बाराला सहा मिनिटं होती. गाठ जवळजवळ दुप्पट झाली होती. डॉक्टरांनी पुण्याला फोन लावला आणि उद्याची वेळ पक्की केली.

गहिनीनाथने बहिणीकडे पाहिलं. "मीच अडवलं हुतं तिला."

"अडवलंत खरं," भारतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "आता तिच्याबरोबर पुण्याला जा. इथलं तुषार बघेल. त्याला एकपासून मोजता येतं, निदान तेवढं तरी येतं."

राहीबाईंनी भिंतीचा आधार घेत भावाचा दंड धरला.

"चल दादा. मला एकटीला लई भ्या वाटतंय."