हेदवाडीचा गुळगुळीत रस्ता

"परत घसरला. एवढा शहाणा लॅपटॉप, पण बूड टेकून बसायची अक्कल नाय ह्याला."

अनंताकाका वाडीखालच्या फाट्यावर उभ्या केलेल्या जीपच्या पुढच्या सीटवर वाकून स्वतःशीच पुटपुटत होता. त्याला वाटलं, गाडीत आपण एकटेच आहोत. पण मागच्या सीटखाली भूमिका पाना शोधत उकिडवी बसली होती, त्याच्या कानापासून जेमतेम वीतभर लांब.

"शहाणा हाय म्हणूनच घसरतो, काका," ती खालूनच म्हणाली. "तुझं गाडी चालवणं बघून पळायला बघतो."

काका दचकला आणि हसला. हेदवाडीतून बारावी झालेला तो पहिला. नोकरीला लागलेलाही पहिलाच. तालुक्यातले खेड्यापाड्यांचे रस्ते किती खराब आहेत ते मोजायचं काम एका कंपनीला मिळालं होतं, आणि काका त्या कंपनीची जीप चालवायचा. सीटखालची एक पेटी गाडीला बसणारे धक्के मोजायची आणि लॅपटॉप त्यांची रेघ काढायचा. रस्ता चांगला असला की रेघ उन्हात पडलेल्या सापासारखी निवांत, खराब असला की करवतीच्या दात्यांसारखी. ज्याची करवत मोठी, तो रस्ता आधी होणार.

सिद्धगडाच्या पायथ्याला वर चढलेल्या हेदवाडीच्या रस्त्याची करवत सगळ्यांत मोठी निघणार, याची भूमिकाला खात्री होती. तिची सगळी भिस्तच त्यावर होती. वाडीतली शाळा सातवीला संपायची आणि ती सातवी पास झाली होती. आठवीची शाळा मुरबाडच्या वाटेवर, आणि एसटी खाली फाट्यावरच थांबायची. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "रस्ता मंजूर झाला तर एक वर्ष तुला शहापूरला आत्याकडे ठेवीन. पुढल्या वर्षी एसटी वर येईल. पण रस्ताच होणार नसंल तर घरी बसायचं. सोयऱ्याच्या घरी पोरगी एक वर्ष ठेवता येते, पाच वर्षं नाय."

म्हणून तो लॅपटॉप नीट बसणं हे काकापेक्षा भूमिकाच्या जास्त गरजेचं होतं.

सुट्टीला आलेला आत्याचा भाविक आणि शेजारची हर्षाली दोघं मदतीला धावले. मदत म्हणजे आधी भांडण.

"डॅशबोर्डवरच ठेवू, समोर दिसतो," भाविक म्हणाला.

"आणि तिथला फुगा? गाडी धडकली की फुगा फुगतो. लॅपटॉप थेट नाकावर," हर्षाली म्हणाली.

"ह्या जीपला फुगा नाय. ह्या जीपला हॉर्न पण धड नाय."

"डॅशबोर्डवर नको," भूमिकाने निकाल दिला. "आणि काकाच्या समोर तर नकोच. तो रस्ता सोडून रेघ बघत बसंल. शेजारच्या माणसाकडे तोंड करून बसवायचा."

मग मोडक्या बाकाच्या दोन लोखंडी पट्ट्या आल्या. शेजारच्या सीटच्या बोल्टांनाच त्या पक्क्या केल्या. त्यांवर जेवायला बसायचा लाकडी पाट. पाटावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा दुहेरी थर, म्हणजे धक्का लॅपटॉपला न बसता रबरालाच बसेल. वरून ट्यूबचाच पट्टा करकचून. कडेने उघडझाप करायला जागा. ऊन पडद्यावर येऊ नये म्हणून भाविकने आपली टोपी दान केली.

"माझा पाट कुठे गेला गो?" दुपारी जेवायला वर घरी गेल्यावर आईने दारातून विचारलं.

"नोकरीला लागला, मामी," भाविक म्हणाला.

संध्याकाळी काकाने तिघांना गाडीत घेऊन चाचणी घेतली. डांबरी सोडून जीप हेदवाडीच्या रस्त्याला लागली आणि पडद्यावरची रेघ जी उसळली, की हर्षालीने टाळ्याच पिटल्या.

"गाडी कुठल्या रस्त्यावर हाय ते त्याला कसं कळतं?" भाविकने विचारलं.

"डोंगरात रेंज नाय, म्हणून रस्त्याचं नाव आपणच टाकायचं," काका म्हणाला.

पहिल्या वळणापर्यंतच गेले ते, कारण डिझेल संपत आलं होतं. तेवढ्यानेही पाटाचे नट ढिले होऊन स्टँड खुळखुळायला लागला. भूमिकाने उतरून सगळे नट पुन्हा आवळले. काकाने पाना तिच्याच हातात ठेवला.

"हा तुझ्याकडेच ऱ्हाऊ दे. तू माझी मेकॅनिक. मी रस्ता मोजून आलो की तू आवळायचं."

तो पाना भूमिका उशाला घेऊन झोपली.

दुसऱ्या दिवशी आत्याने भाविकला बोलावून घेतलं. त्याचे वडील भातसानगरला धरणावर कामाला होते, त्यांना पोरांना धरण दाखवायचं होतं. तिघंही शहापूरला गेली. दोन दिवसांनी एसटीने फाट्यावर उतरली तर समोर जीप उभी, बाजूला काका चहा पीत होता.

"झाला बघ आपल्या वाडीचा रस्ता मोजून," तो म्हणाला. "पार वरपर्यंत जाऊन आलो."

भूमिका धावत गाडीत चढली. पिशवीतून पाना काढला, नटाला लावला आणि जोर केला. नट हलला नाही. दुसराही नाही. तिने पाट धरून हलवला. तो वडाच्या बुंध्यासारखा गप्प.

"काका, नट घट्टच हाय."

"मग बरंच झालं. तुझं काम पक्कं." काकाने कपातला उरलेला चहा मातीत ओतला. "तुमी चालत जा वर. मला डिझेलला मुरबाडला जायचंय."

तिघं चढाला लागली. रस्त्यावर घोट्याएवढा फुफाटा होता आणि त्यात चाचणीच्या दिवशीच्या चाकांच्या खुणा दिसत होत्या. पहिल्या वळणावर त्या गोल फिरून मागे गेल्या. पुढे नुसते गुरांचे खूर. अजून थोडं वर करवंदीच्या जाळ्यांनी दोन्हीकडून रस्त्यावर फांद्या टाकल्या होत्या. जीप गेली असती तर एकही धड राहिली नसती. त्या फांद्यांमध्ये कोळ्याने जाळं विणलं होतं आणि त्यात चांगला पाचोळा साचला होता.

"दुसऱ्या वाटेने गेला असंल," भूमिका म्हणाली.

"हो ना. वरून. घारीसारखा," हर्षाली म्हणाली.

"तू गप बस गो. तुझा काका असता तर कळलं असतं."

हर्षाली खरंच गप्प बसली, आणि भूमिकाला तेच जास्त लागलं.

घरी आई तांदूळ निवडत होती. "आई, काल-परवा काका गाडी घेऊन वर आलेला?"

"शहापूरला आत्याने काय केलेलं जेवायला?" आई म्हणाली.

बाबा छपरावर कौलं चाळत होते. भूमिकाने खालून तोच प्रश्न विचारला. बाबांनी हात खाली केला. "ते कौल दे इकडं."

"बाबा."

"त्याचं काम त्याला कळतं. तू नको त्यात नाक घालू."

पाण्याच्या टाकीपाशी म्हातारे धाऊआजोबा बसले होते. एरवी त्यांना काही विचारलं की पार त्यांच्या लग्नापासून सुरुवात व्हायची. आज त्यांना नेमका खोकला लागला.

"भूमे," त्या संध्याकाळी हर्षाली हळूच म्हणाली, "काय करायचं?"

भूमिका पान्याकडे बघत बसली होती. कधी नव्हे तो तिला तो जड लागला.

"उद्या फाट्यावर मोजणी तपासायला काकाच्या कंपनीच्या मॅडम येणारायत," ती म्हणाली. "त्यांना वर आणायचं. मी काकाची चहाडी नाय करणार. रस्त्यालाच बोलू दे."

नम्रता मॅडम इंजिनिअर होत्या, पांढराशुभ्र कुर्ता घालून आल्या होत्या, आणि पहिली गोष्ट त्यांना आवडली ती म्हणजे स्टँड. "हा कुणी केला? बाजारातल्यापेक्षा बरा आहे."

"आमी. मॅडम, आमच्या हेदवाडीच्या रस्त्यावर पण टिकला तो."

"हेदवाडीचा रस्ता चांगलाच आहे की." मॅडमनी लॅपटॉप उघडून दाखवला. "ही बघ."

पडद्यावर वाडीचं नाव होतं आणि खाली रेघ, उन्हात निवांत पडलेली. भूमिका त्या रेघेकडे बघतच राहिली. आईच्या पाटावर बसून, भाविकच्या टोपीखाली सावलीत, लॅपटॉप मजेत खोटं बोलत होता. त्याला तिथे नीट बसवायला तिने तळहाताला फोड आणले होते.

तेवढ्यात हर्षाली शेजारच्या टपरीतून काठोकाठ भरलेला तांब्या घेऊन आली.

"मॅडम, हे ताक. पण आमच्याकडे पाहुण्याने ते वाडीत पोचून प्यायचं असतं. रस्ता एवढा चांगला हाय म्हणजे सांडायचं नाय."

"असली पद्धत मी कधी ऐकली नाही," मॅडम हसत म्हणाल्या.

"नवीन हाय," भाविक गंभीरपणे म्हणाला.

मॅडम मागच्या सीटवर बसल्या, तांब्या मांडीवर. काका जीपपासून चार पावलं लांब उभा होता.

"डिझेल नाय गाडीत," तो म्हणाला.

"कालच भरलंस ना, काका, मुरबाडला," भूमिका म्हणाली.

काकाने तिच्याकडे पाहिलं. "भूमे, तू पण?"

ती लॅपटॉपसमोरच्या सीटवर जाऊन बसली.

पहिल्या दगडाला ताकाचा शिंतोडा कुर्त्यावर आला. दुसऱ्याला मॅडमचं हसू थांबलं. वळण संपून करवंदी आली आणि फांद्या काचेवर कडाकडा मोडल्या. कोरड्या ओढ्यात जीप उतरली तेव्हा उरलंसुरलं ताक मॅडमच्या केसांत होतं, स्टँड खुळखुळत होता आणि पडद्यावरची करवत वरच्या कडेला आपटत होती. भूमिकाने काकाकडे एकदाच पाहिलं. तो पुढे वाकून दगड चुकवत होता, मागच्या आरशात एकदाही बघत नव्हता.

जीपचा आवाज ऐकून वाडी गोळा झाली. मॅडम ताकाने निथळत खाली उतरल्या.

"अनंता, तू ह्या रस्त्यावर गाडी आणलीच नव्हतीस ना?"

काका बोनेटला टेकून उभा राहिला. "ओढ्यात गाडीचं काय मोडलं तर उद्यापासून येऊ नको, असं सुपरवायझर बोलला होता. मी फाट्यावरूनच मागे फिरलो. खालचा डांबरी परत एकदा मोजला अन् नाव इथलं टाकलं." तो भूमिकाकडे वळला, पण तिच्याकडे बघणं त्याला जमलं नाही. "मला वाटलं, पुढल्या मोजणीला बघू."

"उद्या मी स्वतः बसून मोजणार," मॅडम म्हणाल्या. "सुपरवायझरशीही मीच बोलते. आणि तुम्ही तिघं, शाबास. एवढं डोकं आमच्या ऑफिसात असतं तर बरं झालं असतं."

एकदम सगळ्यांना वाचा फुटली. पोरं हुशारच हो आमची. मॅडमना पाणी द्या. पंचा आणा कुणीतरी. चहा टाक गो. धाऊआजोबांचा खोकला बरा झाला होता, त्यांनी भाविकची पाठ थोपटली.

भूमिका तशीच उभी होती. रस्ता मोजला जाणार होता. आनंद व्हायला हवा होता.

"मी दोन दिवस शहापूरला होते," ती म्हणाली. "तुमी तर सगळे इथेच होता."

आई चहाच्या निमित्ताने घरात निघाली होती, ती उंबऱ्यातच थबकली. धाऊआजोबा डोंगराकडे बघायला लागले.

छपरावरून बाबा उतरले. कौलांच्या लाल धुळीने माखलेले हात त्यांनी धोतराला पुसले, पुन्हा पुसले.

"गाडी आली नाय ते आमी सगळ्यांनी बघितलं गो," ते म्हणाले. "पण त्याची नोकरी टिकली तर वाडीतली आणखी पोरं लागतील, असं वाटलं. तुझ्या शाळेपरीस आमाला त्याची नोकरी मोठी वाटली."